उत्तरासाठी सोडलेली जागा

ही हकीकत मी सात-आठ वर्षं टाळली. लिहायला बसलो की दुसरंच काही लिहून उठायचो. गोखिवऱ्यात भातखाचरं कुठवर होती, आमच्या सोसायटीला नळाचं पाणी कसं मिळालं, वगैरे. असले लेख मी इथल्या दिवाळी अंकांना पुष्कळ दिले. हे मात्र राहिलं. राहिलं म्हणजे मीच राहू दिलं.

गेल्या आठवड्यात ही पानं बायकोला वाचायला दिली. यातला माझा भाग तिला ठाऊक नव्हता. तिने सगळं शांतपणे वाचलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि विचारलं, "ती आहे का अजून?"

"नाही. साथीत गेली."

"मग आता कुणासाठी लिहिताय?"

ती स्वयंपाकघरात गेली. तिथून तिने आणखी एक प्रश्न विचारला, तो मी इथे लिहीत नाही.

हे घडलं त्या वेळी मी सदुसष्ट वर्षांचा होतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेलो आणि सोसायटीचा सेक्रेटरी. चार मजली इमारत, वीस बिऱ्हाडं. सगळे मला काका म्हणत आणि बायकोला काकी. कुणाचं गळणारं छत, कुणाचं गाडी लावण्यावरून भांडण, सगळं माझ्याकडे यायचं, आणि मला ते आवडायचं.

दुसऱ्या मजल्यावर भाड्याने एक बाई राहत होती. सेहेचाळीस वर्षांची, अविवाहित. मूळची जवळच्याच निर्मळ गावची, तिथल्या केळी-फुलांच्या वाडीवाल्यांपैकी. आईवडील गेल्यावर भावांच्या घरात नको वाटलं म्हणून इकडे आलेली. जवळच्याच एका गाळ्यात पेनं बनायची, तिथे पॅकिंगवर सुपरवायझर होती. सकाळी सातला जायची, तीनला सुटायची. चार वर्षांत तिची एक तक्रार नाही की तिच्याबद्दल एक तक्रार नाही. गणपतीत एकदा माइकवरून बक्षिसांची नावं वाचायला कोणी मिळेना, तेव्हा तिला उभं केलं. तिचा आवाज ऐकून मी हातातलं काम थांबवलं होतं.

आमचं एक हौशी नाटक मंडळ होतं. सोसायटीचं नव्हे, वसई रोडच्या आसपासच्या नऊ-दहा जणांचं. त्या वर्षी स्पर्धेसाठी मी एक युरोपातलं नाटक निवडलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, जगभर होत असलेलं. कोणतं ते सांगत नाही, कारण आम्ही त्याची इतकी मोडतोड केली की मूळ लेखकाची अब्रू जाईल. गोष्ट साधी. लहानसं गाव. एक विधवा एकटी राहते. गावातला सर्वांत मानाचा गृहस्थ, जो देवळात नीतीवर प्रवचनं देतो, तो तिच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहतो. गावात कुजबुज सुरू होते, तेव्हा हाच गृहस्थ सगळ्यांसमोर उभा राहून तिला गावाबाहेर काढायची मागणी करतो. मी ते गाव समुद्राकाठच्या एका वाडीत आणलं. गृहस्थाचं काम मीच करणार होतो.

विधवेच्या कामासाठी मी तिला जिन्यात विचारलं. ती हसली. म्हणाली, "काका, मला रडता येत नाही."

"यात रडायचंच नाहीये."

"मग येते."

मी तिला एक अट घातली. स्पर्धा होईपर्यंत इमारतीत कुणाला सांगायचं नाही, लोक उगाच चर्चा करतात. तिने मान डोलावली. घरी बायकोला मी सांगितलं की नायिका म्हणून विरारची कुणी शिक्षिका येणार आहे. तोवर आमच्यात काहीही नव्हतं. तरी मी खोटं बोललो, आणि इतक्या सहज बोललो की खोटं बोलतोय हेही माझ्या लक्षात आलं नाही.

तालमी रविवारी सकाळी उमेळ्याच्या एका बालवाडीत व्हायच्या. तिथे बसायला सगळ्या लहान मुलांच्या खुर्च्या. आम्ही म्हातारे गुडघे छातीशी घेऊन त्यांच्यावर बसायचो आणि वासनेबद्दलचे संवाद म्हणायचो. ती पहिल्या दिवशी यावरून इतकी हसली की तालीम थांबवावी लागली. तिथे ती मला काका न म्हणता सर म्हणायची. तो फरक मला दर रविवारी सुखावायचा.

तिचं पाठांतर कच्चं होतं. कामावरून आल्यावर समोर कोणी नसताना संवाद कसे पाठ करायचे, असं तिने विचारलं. आमच्या मंडळात त्याची एक रीत होती. समोरच्या पात्राची वाक्यं मोबाईलवर बोलून पाठवायची आणि मध्ये उत्तरासाठी जागा सोडायची. ऐकणाऱ्याने त्या जागेत आपलं वाक्य म्हणायचं. मी दुपारी बायको झोपलेली असताना गच्चीवर जायचो, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून रेकॉर्डिंग करायचो. जागा बरोबर सुटावी म्हणून तिची वाक्यं मनातल्या मनात म्हणायचो, ओठ हलवून. हळूहळू असं झालं की त्या रिकाम्या जागेत मला तिचाच आवाज ऐकू यायला लागला.

दुसऱ्या अंकाचं रेकॉर्डिंग संपलं तेव्हा मी बंद करायचं बटण दाबलं नाही. हळू आवाजात आणखी थोडं बोललो. ती वाक्यं नाटकातली नव्हती. माझ्या घरात माझ्या आवाजाची कुणी वाट पाहत नाही, असं काहीसं म्हणालो. रविवार आला की मला माझं वय आठवत नाही, म्हणालो. आणि मला काका म्हणू नका, निदान एकट्या असताना तरी. मग पाठवून दिलं. तिने ते पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी आली, सर म्हणाली आणि दुसरा अंक एकही वाक्य न चुकता म्हणून दाखवला. मी सुटलो असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी तिच्या शेजारच्या बाई माझ्याकडे आल्या. त्या निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहायच्या. सगळी इमारत त्यांना बाई म्हणते. त्या मला भाऊ म्हणायच्या. त्यांच्या हातात कॅलेंडरचं जुनं पान होतं, त्याच्या पाठीवर तारखा आणि वेळा लिहिलेल्या. चार-दहा ते चार-पन्नास. चार-पाच ते चार-पंचेचाळीस. शाळेचा हजेरीपट असावा तसं.

म्हणाल्या, शेजारी रोज पुरुष येतो. भारदस्त आवाज, वय झालेला. आमच्या दोघींत भिंत एकच. ऐकायचं नसलं तरी ऐकू येतं.

तो आवाज कोणाचा ते मला लगेच कळलं. मी बहुधा "बघतो" असं काही म्हणालो. पण त्या माझ्यावर विसंबून राहणाऱ्या नव्हत्या. अध्यक्षांकडे आधीच जाऊन आल्या होत्या.

अध्यक्ष म्हणजे रेती-सिमेंट पुरवणारे एक गृहस्थ, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी रविवारी संध्याकाळी कमिटी बोलावली. मीटर रूमला लागून आमचं छोटं ऑफिस आहे. सात जण दाटीवाटीने बसलो. मी सेक्रेटरी, म्हणून इतिवृत्ताची वही माझ्यापुढे.

बाईंनी कॅलेंडरचं पान डोळ्यांसमोर धरून वाचायला सुरुवात केली. तो म्हणतो, मागचं दार उघड, मी आहे. ती म्हणते, पुढच्या दाराने या, सगळे येतात तसे.

"आपल्या फ्लॅटला मागचं दार कुठंय?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळे विचारात पडले. एक जण म्हणाला, बाल्कनीला म्हणत असेल. दुसरा म्हणाला, पाइपाला धरून चढता येतं, मागे एकदा चोर आला होता. मग मागच्या बाजूला लोखंडी जाळी बसवायची का, यावर पाच मिनिटं चर्चा झाली. वॉचमनला बोलावलं. तो म्हणाला, साहेब, चारला कोणीच येत नाही, मी गेटवरून हलत नाही. यावरून अध्यक्षांनी निष्कर्ष काढला की माणूस बाहेरचा नाही, इमारतीतलाच आहे. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. माझ्यावरून त्यांची नजर तशीच पुढे गेली. मी काका होतो.

"रोज तेच तेच बोलतो हो तो," बाई म्हणाल्या. "शब्द न् शब्द. एखादा असतो तसला. आणि ही रोज त्याच ठिकाणी तेच उत्तर देते."

सात शहाणी माणसं बसली होती. एकालाही वाटलं नाही की कोणतीही दोन माणसं रोज चाळीस मिनिटं तेच तेच बोलत नाहीत. मी मनात म्हणत होतो, आता कोणीतरी म्हणेल की ही तालीम आहे. कोणी म्हणालं असतं तर मी हो म्हणालो असतो, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

मग बाई पान घडी घालत म्हणाल्या, "शेवटी मात्र तो अगदी हळू बोलतो. ते मला ऐकू येत नाही. तेव्हा ही काहीच उत्तर देत नाही. आवाज थांबतो, आणि मग बराच वेळ घरात भांड्याचासुद्धा आवाज नसतो."

मला बसलेला धक्का कसा सांगू? तीन आठवडे मी समजत होतो की तिने ते एकदा ऐकलं आणि सोडून दिलं. ती रोज ऐकत होती. दिवसाचं काम संपवून, सगळा अंक म्हणून, शेवटपर्यंत. आणि ही गोष्ट मला तिच्याकडून नव्हे, तक्रारीतून कळत होती.

तिला खाली बोलावलं. सूचनेची चिठ्ठी वॉचमनने तासाभरापूर्वीच दिली होती. ती आली आणि दाराशीच उभी राहिली, कारण बसायला जागा नव्हती. अध्यक्षांनी विचारलं. ती म्हणाली, "माझ्या घरी कोणी येत नाही."

"मग आवाज कोणाचा?"

"मोबाईलचा."

दोघे-तिघे हसले. एक जण म्हणाला, आमचा मोबाईल असं कधी बोलत नाही बुवा. अध्यक्ष म्हणाले, मग ऐकवा, आम्हीही ऐकतो.

तिने फोन पुढे केला. "आता त्यात नाही. काढून टाकलंय."

पुन्हा हशा. तिची मान ताठ होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. तालमीत मी वाक्य विसरलो की ती जशी थांबून पाहायची, तसं पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही लिहिताय ना? काय लिहायचं ते तुम्हीच लिहा."

माझ्याकडे एकच वाक्य होतं. ते रेकॉर्डिंग माझं आहे, आम्ही नाटक बसवतोय. एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण लगेच प्रश्न आला असता, मग लपवलं का? शेवटी हळू काय बोलता? तिने काढलं असलं तरी माझ्या फोनमध्ये ते होतं. वरच्या मजल्यावर बायको वाटाणे सोलत बसली होती. मी मान खाली घातली आणि लिहिलं. "सदर भाडेकरूंना समाधानकारक खुलासा करता आला नाही. करार वाढवू नये असे फ्लॅटमालकांस कळवावे." खाली सही केली. माझी सही चांगली आहे, तेव्हाही चांगलीच आली.

जिना चढताना ती स्वतःशी काहीतरी पुटपुटली, त्यांच्या निर्मळच्या घरच्या बोलीत. मला ती बोली कळत नाही.

महिन्याच्या आत तिने फ्लॅट सोडला. मंडळाला मी सांगितलं की तिला कामावरून वेळ मिळत नाही. दुसरी एक जण मिळाली. मी तालमी चालू ठेवल्या. आज यावर माझाच विश्वास बसत नाही. मी नाटकात एका बाईला गावाबाहेर काढणाऱ्या ढोंगी माणसाचं काम करत होतो, संवाद पाठ होते, त्या माणसाच्या मनात काय चालतं हे इतरांना समजावून सांगत होतो, आणि त्याच महिन्यात मी तेच केलं होतं. आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कोणी म्हणेल, असं कसं होईल? झालं. मला वाटायचं, तो नाटकातला माणूस फारच वाईट आहे.

प्रयोग वसईच्या एका हॉलमध्ये झाला. माझ्या बायकोने घरचे पास घेतले, आणि एकटं कशाला जायचं म्हणून शेजारपाजारच्यांनाही बरोबर आणलं. त्यात बाई होत्या. मला हे पडदा उघडल्यावर कळलं. तिसऱ्या रांगेत, कडेला, मांडीवर पर्स घट्ट धरून.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला माझं वाक्य होतं. "मागचं दार उघड. मी आहे." ते म्हणताना मी तिकडे पाहायला नको होतं. बाईंचा हात तोंडावर गेला. पुढची चाळीस मिनिटं मी काम केलं. लोक म्हणतात चांगलं केलं. गावकऱ्यांसमोरच्या भाषणाला टाळ्या पडल्या. मला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. बाईंनी टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या आल्या. बायको भाजी आणायला गेली होती, ते त्यांनी पाहून घेतलं असावं. बसल्या नाहीत.

"भाऊ, तो आवाज तुमचा होता."

मी हो म्हणालो.

"आणि तुम्ही तिथे वही घेऊन बसला होतात."

मी खुर्ची पुढे सरकवली, त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"मी तिला घालवलं," त्या म्हणाल्या. आयुष्यभर मुलांना दटावलेल्या बाईचा आवाज कापत होता. "बत्तीस वर्षं नाटकं बसवली मी शाळेत. मला कळू नये?" मग त्यांनी विचारलं, "पण भाऊ, ते शेवटचं, हळू बोलायचात ते? काल मी शेवटपर्यंत वाट पाहिली. ते आलंच नाही नाटकात."

"ते कापलं," मी म्हणालो. "लांबत होतं."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना समजलं होतं. पण शब्द मागे घेता आला नाही. जाता जाता म्हणाल्या, निर्मळला जा आणि तिची माफी मागा. माझ्या वतीनेही मागा. मीच गेले असते, पण गुडघ्यांमुळे बसमध्ये चढवत नाही. कमिटीसमोर खरं सांगा, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी स्वतःही सांगितलं नाही. लोक मलाच हसतील, एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी मला भाऊ म्हटलं नाही.

मी निर्मळला गेलो, पण दोन महिन्यांनी. वाक्यं तयार करून गेलो होतो. भावाच्या घरामागे वाडीत एक खोली होती, तिथे ती राहत होती. अंगणात बसून सोनचाफ्याची फुलं केळीच्या पानात बांधत होती. मला पाहून उठली, स्टूल पुसून दिलं.

"झालं का नाटक?"

"झालं."

"माझं काम कोणी केलं?"

मी सांगितलं. तिने विचारलं, त्या नवीला पुढच्या दाराचं वाक्य जमलं का, त्यात मध्ये थांबावं लागतं. मी म्हणालो, तुमच्यासारखं नाही. तिने मान हलवली, पुन्हा खाली बसली आणि पानं घडी घालायला लागली. मी तयार करून आणलेलं पहिलं वाक्य बोलणार, एवढ्यात तीच बोलली.

"त्या दिवशी चिठ्ठी आली, तेव्हा मी लगेच ते काढून टाकलं. म्हटलं, ऐकवा म्हणतील. काकींना कळलं असतं."

मला वाटत आलं होतं की तिने ते रागाने काढलं, किंवा भीतीने. तिच्याजवळ स्वतःला वाचवायचा एकच पुरावा होता, आणि तो तिने माझ्या घरासाठी पुसून टाकला होता. मग ती खाली आली होती, आणि मी लिहिलं होतं की समाधानकारक खुलासा नाही.

"मला वाटलं होतं, तेवढं नाटकाचं तरी तुम्ही सांगाल," ती म्हणाली. "बाकीचं नाही. बाकीचं मी कोणाला सांगणार नव्हते." मग हातातलं फूल पानावर ठेवत, माझ्याकडे न पाहता, "ते शेवटचं मी रोज ऐकायचे. चांगलं बोलला होतात तुम्ही."

तेवढ्यात तिची वहिनी चहा घेऊन आली, कोण पाहुणे म्हणून चौकशी करायला लागली. ती म्हणाली, आमच्या सोसायटीचे काका. मी चहा प्यालो. निर्मळच्या तळ्याला यंदा पाणी बरं आहे, असं काहीतरी बोललो. बाईंचा निरोपही दिला नाही. निघताना तिने एक पुडी माझ्या हातात ठेवली, काकींना द्या म्हणून. मी ती घरी आणली, बायकोने देवाला वाहिली. पुन्हा जाईन, तेव्हा बोलेन, असं मी दोन वर्षं म्हणत राहिलो. मग साथ आली.

सोसायटीच्या वहीत माझी ती नोंद अजून तशीच आहे. ती खोटी आहे, हे मी या लेखाची एक प्रत जोडून कमिटीला कळवलं आहे. त्याने तिला काही मिळणार नाही. त्या दिवशी निर्मळच्या अंगणात मी बोलणार होतो ते एवढंच होतं. तुमच्या घरी कोणीही येत नव्हतं. तो आवाज माझा होता, हळू बोललेलं ते सगळं माझं आणि खरं होतं, आणि सगळ्यांसमोर ते माझं आहे म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तुमचं घर माझ्यामुळे गेलं. मला माफ करा.